हवालदारांचे कान

आमचं गाव देवळाली कॅम्पापासून दारणेच्या अंगाला तीन-चार मैलांवर. स्कूल ऑफ आर्टिलरीच्या रेंजवर फायरिंग सुरू झालं की मांडणीवरची भांडी वाजायची. पाहुणा दचकायचा, आम्ही जेवत राहायचो. आजी तर नुसत्या आवाजावरून सांगायची, आज मोठी तोफ आहे की बारकी, आणि वारं कुठून आहे. तिनं तोफ जवळून कधी पाहिली नव्हती. न दिसणाऱ्या वस्तूविषयी आवाजावरून बोलायची सवय आमच्याकडे घराघरात होती. पण ही सवय विद्येपर्यंत नेलेला जो एकच माणूस मी पाहिला, त्याला स्वतःला धड ऐकू येत नव्हतं.

त्यांना सगळे हवालदार म्हणायचे. मी हवालदारकाका म्हणायचो. त्यांची गोष्ट सांगायची तर आधी कॅम्पाची थोडी सांगावी लागते.

१८६०च्या दशकात इंग्रजांनी इथल्या माळावर छावणी वसवली. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे वर आली आणि देवळालीचं महत्त्व वाढलं. विलायतेहून मुंबईला उतरलेला गोरा सोल्जर आगगाडीनं आधी इथं यायचा, मग पुढं कुठल्या तरी पलटणीत जायचा. नोकरी संपवून परत निघालेलाही इथंच बोटीची वाट बघत बसायचा. बोटी हिवाळ्याच्या हंगामातच सुटायच्या. हंगाम हुकला की महिनोन्‌महिने काम नाही, घर नाही, वर ऊन, दारू आणि हिवताप. त्यात काहींची डोकी फिरली. त्यांनी त्याला नाव दिलं 'देवळाली टॅप'. त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. इंग्रजीत आजही डोकं फिरलेल्या माणसाला 'डूलाली' म्हणतात. जगात आमच्या गावाचं नाव गेलं ते असं.

पण त्याच छावणीनं आणखी एक गोष्ट आणली, तिची नोंद कुठल्या शब्दकोशात नाही. ती म्हणजे मोटार खोलणारी माणसं.

दुसऱ्या महायुद्धात लष्कर घोड्या-खेचरांवरून चाकांवर आलं. १९४१ पासून अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या, त्या जगभर पसरल्या. चार सिलिंडर, दोन हजार दोनशे सीसीच्या आसपास इंजिन, साठ घोड्यांची ताकद. एवढ्या गाड्या दुरुस्त कोण करणार? म्हणून १५ ऑक्टोबर १९४३ रोजी हिंदुस्थानच्या लष्करात दुरुस्तीसाठी वेगळी कोअर निघाली. तीच ईएमई. खेड्यापाड्यांतल्या पोरांना तिथं टॅपेट, क्रँक, मॅग्नेटो हे शब्द हातात पाना देऊन शिकवले गेले. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत जीप जुळवायला आणि पुढं बनवायला सुरुवात केली. जबलपूरला जर्मन मान कंपनीच्या परवान्यावर शक्तिमान ट्रक निघू लागले, नंतर सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असलेली जोंगा आली. या सगळ्या गाड्या कॅम्पात होत्या. पंधरा-वीस वर्षं त्यांच्याखाली पाठीवर झोपलेला माणूस पेन्शनीत निघाला की त्यातला एखादा गावी न जाता लॅम रोडला नाहीतर भगूरला पत्र्याचं शेड टाकायचा. लष्करातून निकाली निघालेल्या गाड्या लिलावात मिळायच्या. त्या शेतकरी घ्यायचा आणि निवृत्त फौजी त्या चालत्या ठेवायचा. आमच्या भागात बैलगाडीनंतर जे काही आलं, ते असं आलं.

हवालदारकाका मूळचे साताऱ्याकडचे. तोफखान्याच्या एका रेजिमेंटला जोडलेल्या वर्कशॉपमध्ये होते. तोफा ओढणाऱ्या गाड्या सांभाळायचं काम, त्यामुळं तोफांपासून लांब राहणं कधी जमलंच नाही. एका कानाचा पडदा फाटलेला. दुसऱ्या कानाला बारीक, टोकदार आवाज येईनासे झालेले. पुढं मी एका कानाच्या डॉक्टरांना विचारलं तेव्हा कळलं, की मोठ्या आवाजानं कान जातो तो असाच जातो. आधी उंच पट्टी जाते, चार हजार हर्ट्‌झच्या आसपासची. ढोल ऐकू येतो, टाळ ऐकू येत नाही. माणूस बोलतोय हे कळतं, पण 'काका' म्हणाला का 'टाटा' हे कळत नाही. लोकांना वाटायचं हवालदार मुद्दाम दुर्लक्ष करतात. तसं नव्हतं.

असा माणूस इंजिनाचा आवाज कसा ओळखणार? त्यांच्याकडे दीड हात लांबीचा, लाकडी मुठीचा पेचकस होता. त्याचं टोक ब्लॉकवर टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायचे. कधी कधी मूठ चक्क दातांत धरायचे. आवाज हवेतून येण्याऐवजी हाडातून आत जायचा. पडदा फाटला तरी हाड शाबूत असतं. नवं गिऱ्हाईक हे बघून हसायचं. कुणी तरी म्हणायचंच, "इंग्रज गेले, पण त्यांचा ताप इथंच राहिला." काकांना ते ऐकू जायचं नाही.

हाडातूनही न कळणारी टिकटिक ऐकायला त्यांना दुसऱ्याचा कान लागायचा. तो कान माझा होता. मी तेरा वर्षांचा. शाळा सुटली की शेडवर जायचो. काका इंजिनावर वाकलेले, आणि मी पलीकडून. मग ते मान वर करून फौजी हिंदीत विचारायचे, "बोल, क्या सुना?"

त्यांचा पहिला नियम होता, गाडी दाखवायची तर आदल्या रात्री आणून लावा. सकाळी ते बॉनेटवर तळहात ठेवून बघायचे. गरम लागलं तर "उद्या या". कारण थंड इंजिन जे बोलतं ते गरम इंजिन बोलत नाही, आणि गरम जे बोलतं ते थंड बोलत नाही. पिस्टन झिजला असला की थंडीत तो बोअरच्या कडेला आपटतो, ठक-ठक वाजतं. इंजिन तापून पिस्टन फुगला की आवाज बंद. असला आवाज घेऊन गाडी वर्षभर चालते. बेअरिंगचं उलटं. थंड ऑइल जाड असतं, ते झिजलेल्या बेअरिंगलाही गादीसारखं सांभाळून घेतं. ऑइल तापून पातळ झालं की मग ठोका बाहेर पडतो. काका म्हणायचे, तापल्यावर जो आवाज जातो त्याला भिऊ नको. तापल्यावर जो येतो त्याला भी.

दुसरं, आवाज मोजायचा. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. म्हणून टॅपेटची टिकटिक इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदा येते, आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोका फेरीला एकदा. हे त्यांनी मला टाळ्या वाजवून शिकवलं. ते एका टाळीला पाय आपटायचे, मी दोन टाळ्यांना एकदा.

तिसरं, एकेक गोष्ट काढून बघायची. घरघर येतेय? आधी फॅन बेल्ट उतरव. आवाज गेला तर तो पाण्याच्या पंपाचा नाहीतर डायनामोचा, इंजिनाला हात लावू नको. क्लच दाबल्यावर आवाज येतो, सोडल्यावर जातो? मग क्लचचं रिलीज बेअरिंग. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचं पॅकिंग फुटलं तर तेही हुबेहूब टॅपेटसारखं टिकटिकतं, पण तिथं काजळीचा डाग असतो. कानाआधी डोळा वापर. खोल ठोका असेल तर पेट्रोल इंजिनात एकेका प्लगची ठिणगी पेचकसानं हेडला टेकवून मारायची. ज्या सिलिंडरची ठिणगी मारली आणि ठोका मऊ पडला, त्याचं बेअरिंग गेलं. डिझेल असेल तर इंजेक्टरच्या नळीचा नट सैल करून तेच. चढावर खडखड येत असेल तर आधी विचारायचं, पेट्रोल कुठून भरलं? त्या काळी पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळणं सर्रास होतं, आणि असल्या पेट्रोलवर इंजिन चढाला ओरडायचंच.

आता आमच्या गाडीकडे येतो. सगळे तिला पिकअप म्हणायचे, पण ती पिकअप म्हणून जन्मलेली नव्हती. जीपच्या घराण्यातली लांब चासी, लिलावातून दोन हात फिरून आमच्याकडे आलेली, मागं सुताराकडून बांधून घेतलेला लाकडी हौदा. इंजिन पेट्रोलचं, एफ-हेड पद्धतीचं. म्हणजे हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणारे खाली ब्लॉकच्या बाजूला. टिकटिक वरून येतेय का बाजूनं, हेही तिच्यात वेगळं ऐकावं लागायचं. गाडी इमानी होती. आम्हीच तिच्यावर झेपेल त्याहून जास्त माल भरायचो आणि ऑइल बदलायला उशीर करायचो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात गाडीचा दोष नव्हता.

१९८४ सालचा सप्टेंबर. टोमॅटो ऐन भरात. तेव्हा मुंबईचा भाजीबाजार भायखळ्याला होता, वाशीला जायला अजून बारा वर्षं होती. संध्याकाळी माल तोडून खोक्यांत भरायचा, रात्री पाथर्डी फाट्यावरून हायवेला लागायचं, घाट उतरून पहाटेच्या आत भायखळा गाठायचं. एक दिवस चुकला की लाल झालेला माल झाडावरच फुटायचा. त्या वर्षी आबांनी बियाणं-औषधं उधारीवर घेतली होती आणि थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं होतं.

गाडीतून आवाज येऊ लागला तसं आबांनी ती रात्री शेडवर लावली. सकाळी काकांनी थंड इंजिन चालू केलं, पेचकस लावला, बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले. मग माझ्याकडे बघून, "बोल, क्या सुना?"

"वरून टिकटिक," मी म्हटलं. ती खरंच होती.

"आणि खाली?"

"खाली काही नाही." तेव्हा तेही खरं होतं.

काका आबांना म्हणाले, "पाटील, थंड इंजिनावर मी सही करत न्हाई. गाडी तापवा. पोराला शेजारी बसवा, वडनेरपर्यंत जाऊन या." मग मला जवळ घेऊन म्हणाले, "हे बघ, गाडीच्या गोंगाटात मला तिथं काय बी कळायचं न्हाई. तू ऐक. रेस देताना ऐक, आन्‌ आबांनी पाय सोडला की जास्त ऐक. ऑइलच्या काट्यावर डोळा ठेव."

आम्ही गेलो. वडनेरजवळ रस्ता जरा मोकळा मिळाल्यावर आबांनी गाडी पळवली आणि पाय सोडला. त्या एका क्षणात, ना जोर ना ओढ अशा वेळी, खालून आवाज आला. टक-टक-टक. टिकटिकीपेक्षा दुप्पट वेगाचा, जड, दार ठोठावल्यासारखा. आबांनी परत रेस दिली, परत सोडली. परत तोच. काटा नेहमीपेक्षा बराच खाली होता.

मला तो आवाज ओळखता आला. एवढं मला काकांनी शिकवलेलं होतं. त्याचा अर्थही माहीत होता. चेंबर उतरवायचा, बेअरिंग नाशकात नाही मिळालं तर मुंबईहून आणायचं, क्रँक खराब असेल तर घासायला द्यायचा. आठवडा गेला असता आणि टोमॅटोही गेले असते. टॅपेटला मात्र अर्धा तास पुरतो. फीलर गेजची पट्टी घालायची, नट फिरवायचा, झालं. मी आबांकडे बघितलं. ते समोर रस्त्याकडे बघत होते. काही बोलले नाहीत.

शेडवर आलो. काकांनी विचारलं, "बोल, क्या सुना?"

"फक्त टिकटिक."

"पाय सोडल्यावर?"

"काही नाही."

"काटा?"

"नेहमीसारखा."

त्यांनी पेचकस उचलला, माझ्याकडे बघितलं आणि परत भिंतीला टेकवून ठेवला. टॅपेट सेट केले. टिकटिक गेली. आबांनी पैसे दिले आणि आम्ही माल भरायला निघालो.

त्या रात्री वाडीवऱ्ह्याच्या पुढं गाडीनं एकदा मोठा ठोका दिला आणि खालून सगळं ऑइल रस्त्यावर सांडलं. कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भोक पडलं होतं. चाळीस खोकी माल. दुसरी गाडी मिळेपर्यंत दुपार झाली. त्यातली निम्मी खोकी आम्ही तिथंच रस्त्याच्या कडेला ओतली.

गाडी ट्रकला बांधून शेडवर आणली. काकांनी इंजिन खोललं. तिसऱ्या सिलिंडरच्या बेअरिंगची पत्र्यासारखी झालेली कवडी त्यांनी हातात घेतली, अंगठा फिरवला. मी शेजारी उभा होतो. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे एका रात्रीत होत न्हाई." बस, एवढंच. ना आबांना काही बोलले, ना मला परत काही विचारलं. त्या दिवसानंतर "क्या सुना" हा प्रश्नही कधी आला नाही. मीही शेडवर जायचा बंद झालो.

आबा मात्र बोलले. भगूरच्या बाजारात चार माणसांत म्हणाले, "बहिऱ्याला इंजिन दाखवलं, माझंच चुकलं." गावाकडे असं वाक्य पायानं चालत नाही, पळतं. लोकांना ते पटलंही लगेच. दातांत पेचकस धरणारा म्हातारा, त्याला काय ऐकू येणार? दोन वर्षांत काकांकडच्या गाड्या कमी झाल्या. मग ते विहिरींवरची एका सिलिंडरची डिझेल इंजिनं दुरुस्त करत फिरायचे. त्या इंजिनांचा आवाज संथ आणि जाड असतो. तो ऐकायला त्यांना दुसऱ्याचा कान लागत नव्हता.

काळ पुढं गेला. ऐंशीच्या दशकात आमच्याच जिल्ह्यात सातपूरला जीपांचा कारखाना झाला, इगतपुरीला इंजिनांचा. प्यूजोच्या तंत्रावर डिझेल इंजिनं आली, पेट्रोलच्या जुन्या गाड्या मागं पडल्या. आता पाथर्डी फाट्यावर रात्री उभं राहिलं तर भाजीच्या पिकअपची रांग असते आणि एकीचाही आवाज दुसरीपेक्षा वेगळा काढता येत नाही. गॅरेजवाला आधी वायर जोडतो आणि स्क्रीन बघतो. पेट्रोल गाड्यांच्या ब्लॉकवर आता एक सेन्सर बसवलेला असतो. तोही हाडाला टेकवलेल्या पेचकसासारखा धातूतून ऐकतो आणि इंधनाचा ठोका आला की टायमिंग मागं घेतो. पण बेअरिंगचा ठोका ओळखायला अजून बहुतेक माणूसच लागतो. आणि त्यानं जे ऐकलं ते सांगावं लागतं.

काका गेले २००३ साली, भगूरलाच. मी मयतीला गेलो होतो. बोलावंसं वाटत होतं, पण बोलायचं कुणाजवळ?

पुढं सहा वर्षांनी आबा आजारी होते. रात्री त्यांच्या उशाशी बसलो असताना रेंजवर फायरिंग चालू होतं, भांडी वाजत होती. मी त्यांना सगळं सांगितलं. वडनेरचा रस्ता, खालचा आवाज, काटा, आणि मी काकांना काय सांगितलं ते. वाटलं, आबा चिडतील. ते बराच वेळ छताकडे बघत राहिले.

मग म्हणाले, "गाडी मी चालवत व्हतो ना? मला काय ऐकू आलं नसंल?"

मी गप्प झालो.

"तू बोललास तर थांबायचं, असं मी ठरवलं व्हतं," आबा म्हणाले. "तू न्हाई बोललास. मला बरंच वाटलं."

म्हणजे त्या गाडीत दोन धड कानांची माणसं होती. दोघांनी ऐकलं, दोघंही गप्प राहिलो, आणि ज्याला ऐकू येत नव्हतं त्याच्या नावावर ते मांडून मोकळे झालो. तेरा वर्षांच्या पोरावर एवढा मोठा निर्णय सोडणाऱ्या आबांचा मला राग आला, नाही असं नाही. पण काकांनी मला विचारलं होतं, आबांना नाही. उत्तर मी दिलं होतं.

आमच्या भागात अजून कुणी जुना माणूस भेटला आणि हवालदारांचं नाव निघालं की तो हसून म्हणतो, "हां, तोच ना, ज्यानं पाटलाचं इंजिन घालवलं." मी दर वेळी सांगतो, ते खरं नाही. समोरचा मान हलवतो आणि पुढच्या वेळी तेच म्हणतो. बोललेलं राहत नाही, म्हणून हे लिहून ठेवतो. १९८४च्या सप्टेंबरात आमच्या पिकअपचं तिसऱ्या सिलिंडरचं बेअरिंग गेलं होतं. हवालदारांनी थंड इंजिनावर सही केली नव्हती, गाडी तापवून बघायला सांगितलं होतं, आणि नेमका योग्य तोच प्रश्न तीन वेळा विचारला होता.